त्रेचाळीस नंबरचं शेवटचं पान

प्रिय लेखिकाबाई,

दीड वर्षात एक ओळ नाही, आणि अचानक तुझं पत्र. त्यातही मी कसा आहे ते अगदी तळाला, घाईघाईत. आधी प्रश्न, तू काम करतोस ते मासिक कसं आहे, कथा पाठवण्यासारखं आहे का. कॉलेज अर्धवट सोडलेल्या माणसाचं मत तुला लागायला लागलं, म्हणजे साहित्याचे दिवस काही बरे नाहीत.

तर ऐक. मासिक चांगलं आहे. अंक वेळेवर निघतो, नकार असला तरी महिन्याभरात कळवतात आणि वशिला चालत नाही. संपादकबाईंच्या सख्ख्या भाच्याची कथा मध्यंतरी साभार परत गेली, तेव्हापासून त्यांची बहीण फोन उचलत नाही. टपाल मी फोडतो. पहिल्या पानावरचं नाव कात्रीने कापून डब्यात ठेवायचं आणि कथेवर नंबर टाकायचा. अक्षरावरूनही मत बनतं म्हणून बाई कथा वाचत नाहीत, ऐकतात. दर शनिवारी त्या आणि मुद्रितं तपासणारे काका डोळे मिटून बसतात आणि मी मोठ्याने वाचतो. आवाज बरा आहे म्हणे. तुला कधी वाटला नाही, ते सोड.

माझ्या उत्तराची वाट बघण्याइतका दम तुला कुठला? पत्रापाठोपाठ चार दिवसांत कथाही आली. तुझं नाव मीच कापलं, जरा जोर लावूनच. नंबर पडला त्रेचाळीस. कथा आधी वाचायची मला मुभा नाही, त्यामुळे शनिवारी दुसऱ्याच परिच्छेदात मी मला भेटलो. परीक्षेचा पेपर अर्ध्यावर टाकून, गालावर शाईचा डाग घेऊन, एका मुलीला अडवायला बसस्टँडवर धावत आलेला 'शाईतोंड्या'. खिडकीचा गज धरून तो काय काय बडबडतो ते तू शब्दन् शब्द उतरवलंयस. त्यातलं एक वाक्य मी फक्त तुझ्यापुरतं बोललो होतो. तेच मला दोन परक्या माणसांपुढे स्पष्ट उच्चारात वाचावं लागलं. काकांना हसता हसता चष्मा पुसावा लागला. म्हणाले, असली ध्यानं आमच्या वेळीही होती. मीही हसलो. पगारी माणूस आहे.

बस सुटते, मुलगी खिडकी लावून घेते, आणि तिथे पान संपलं. खाली अजून एक होतं. पण माझं डोकं फिरलेलं. म्हटलं, हिची कथा लंगडीच जाऊ दे. ते पान न बघताच टेबलाच्या खणात सरकवलं आणि म्हणालो, संपली. वाटलं, बाई म्हणतील अर्धवट आहे, पाठव परत. त्यांनी डोळे उघडले. म्हणाल्या, कुठे थांबायचं ते लिहिणाऱ्याला कळतं. काय निगरगट्ट मुलगी रंगवलीय, पुढच्या अंकात घेऊ. आधी मी चरफडलो. मग लक्षात आलं, याहून चांगला सूड मला सात जन्मांत सुचला नसता. तुझा निगरगट्टपणा तुझ्याच नावाने छापून घरोघर जाणार. दोन दिवस शीळ घालत फिरलो.

तिसऱ्या दिवशी खण उघडून ते पान वाचलं. त्यात ती मुलगी पुढच्याच थांब्यावर उतरते, बॅग ओढत स्टँडवर चालत येते, आणि तो निघून गेलेला असतो. मी खरंच गेलो होतो. रागाच्या भरात पाच मिनिटंही थांबलो नव्हतो. म्हणून हे पत्र. पान सोबत जोडलंय. पुढच्या मंगळवारी अंक छपाईला जातो. तू नुसतीच कथेला शोभा म्हणून उतरली असशील तर गप्प बस, निगरगट्ट म्हणून चांगलं नाव होईल. पण त्या दिवशी बसमधून खरंच उतरली असशील, तर हे पान घेऊन स्वतः ये आणि ते कुणी गाळलं ते बाईंना माझ्यासमोर सांग. नोकरी जाईल, जाऊ दे, कॉलेज गेलं तशी. मंगळवारी मी दाराजवळच्या टेबलापाशी असेन. या खेपेला थांबेन.

राग तसाच ठेवून, तुझाच,
शाईतोंड्या