कालव्याची ओळ

रॅडनशॉ,
मंगळवार, १२ मार्च २०१९

प्रिय बेरिल,

माझं पत्र बघून तुला नवल वाटेल. नाताळच्या कार्डावर सही ठोकण्यापलीकडे मी तुला आयुष्यात काही लिहिलेलं नाही, आणि माझी शर्ली गेल्यापासून तेही राहूनच जातं. पण तुझा फोन बंद. शेवटी हेलेनला विचारलं, तर म्हणाली, "आई तिच्या मैत्रिणीकडे गेलीय, जॉइसकडे, समुद्राकाठी." पत्ता तिनंच दिला. तुझी लेक हल्ली माझ्याशी मोजकंच बोलते.

इकडे सगळं ठीक. गुडघा कुरकुरतो, पण चालतो. तीस वर्षं बसचा क्लच दाबल्यावर आणखी काय होणार! वाटाणे पेरायचे होते, पण जमीन अजून गार आहे. जॉइसला नमस्कार सांग. तिचा तो भुंकणारा कुत्रा अजून जिवंत असेल तर त्यालाही सांग.

शनिवारी फुटबॉलच्या मॅचला गेलो होतो. जाणारच होतो, तुला माहीत आहे. बाबांनी आपल्या दोघांना पहिल्यांदा मिल लेनच्या मैदानावर नेलं तेव्हा मी पाच वर्षांचा होतो, आणि त्यानंतर माझी जागा बदललेली नाही. दहाव्या मिनिटाला सगळ्यांनी मैदानाकडे पाठ फिरवली. मग टेनिसचे चेंडू फेकले, चार-पाचशे तरी असतील. रेफरी बिचारा वाकून वाकून वेचतोय, आणि आपल्या गोलकीपरनं दोन हळूच खिशात घातले. लोक हसून लोळले. तू असतीस तर तूही हसली असतीस.

ग्रॅहम तुझा नवरा खरा, पण क्लबच्या अध्यक्षाच्या खुर्चीवरून त्याला उतरवायचंच, असं गावानं ठरवलंय, आणि त्यात गावाची चूक आहे असं मला प्रामाणिकपणे म्हणता येत नाही. दहा वर्षांपूर्वी क्लब बुडत होता तेव्हा यानंच हात दिला, तेव्हा लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं होतं. तोच माणूस मैदान गोदामवाल्या कंपनीला विकतो, आणि पुढच्या हंगामापासून आपली टीम वीस मैलांवर दुसऱ्याच्या दारात खेळणार हे आम्हाला पेपरातून कळतं! मी त्याला तोंडावर सांगितलं होतं, "ग्रॅहम, एकदा येऊन बोल तरी लोकांशी." तर म्हणतो, "लोक तिकीट काढतात क्लिफ, क्लब मी चालवतो." आता बोल.

लोकांनी ग्रॅहमवर गायलेल्या त्या गाण्याचं म्हणशील तर मी नेमका तेव्हा खाली चहाच्या रांगेत होतो. नीट ऐकू आलं नाही. नंतर कळलं काय गायले ते. ग्रॅहमचं आडनाव घेऊन, चॅपलमधल्या जुन्या स्तोत्राच्या चालीवर:

इंगम, इंगम, वाट कुणाची पाहे?
कालवा अजून तिथंच आहे!

वाईट झालं. फार वाईट झालं. सत्तावीस वर्षं झाली त्या रविवारला. गालिच्यांचं पहिलं दुकान बुडलं आणि ग्रॅहम जीव द्यायला कोट-बुटांसकट कालव्यात उतरला, हे आपण तिघांनी जिवात दडवून ठेवलं होतं. कुत्र्याला फिरवताना पाय घसरला, एवढंच गावाला सांगितलं. आठ वर्षांच्या हेलेनलासुद्धा. पण लहान गाव आहे बेरिल. भिंतीला कान असतात. त्या वेळचे डॉक्टर होते, नर्स होती. कोण कुठे काय बोलून जाईल सांगता येतं का? तू फार खोलात जाऊ नकोस.

चार दिवस समुद्राची हवा खा आणि घरी ये. ग्रॅहमला एकट्याला चहासुद्धा धड करता येत नाही.

तुझा भाऊ,
क्लिफ


रॅडनशॉ,
रविवार, ३१ मार्च

बेरिल,

आज मदर्स डे. चर्चसमोर फुलं विकायला बसलेत. हेलेन तुझ्याकडे आली असेल.

परवा तू फोन केलास तेव्हा मी गप्प बसलो म्हणून तू ठेवून दिलास. तू ओरडली असतीस तर बरं झालं असतं. तू शांतपणे म्हणालीस, "डॉक्टर मरून अकरा वर्षं झाली, क्लिफ. नर्सला आपण तेच सांगितलं होतं, पाय घसरला म्हणून. माहीत होतं ते तिघांनाच. मी नाही बोलले. ग्रॅहम नाही बोलला."

मी चहाच्या रांगेत नव्हतो.

सांगतो. आधीच्या गुरुवारी वीव्हर्समध्ये बसलो होतो. ग्रॅहमनं मैदान विकल्यापासून त्या पबमध्ये माझं काय झालं होतं ते तुला कधी सांगितलं नाही. मी आत शिरलो की बोलणी बंद. पाठ वळली की, "हळू बोला रे, अध्यक्षांचे मेव्हणे आलेत." ज्यांच्या खांद्याला खांदा लावून जन्मभर पावसात उभा राहिलो, ते मला चिप्ससुद्धा विचारेनात. शर्ली गेल्यावर मला घर असं उरलं होतं ते तेवढंच, बेरिल.

तर मॉरिस गाणं रचत होता. क्लबची सगळी गाणी तोच रचतो, आवाज फाटका पण डोकं सुपीक. पहिली ओळ झाली होती, दुसरी अडली होती. म्हणाला, "क्लिफ, तू तर घरातला माणूस. दे की काहीतरी. का मेव्हण्याला विचारून सांगतोस?" सगळे फिदीफिदी हसले.

आणि मी म्हणालो, "कालवा आहे की मागे. एकदा गेला होता, जाईल परत."

मग मॉरिसनं विचारलं, "गेला होता म्हणजे?" आणि मी सांगितलं. सगळं सांगितलं. कोट, बूट, रविवार. मॉरिसनं माझ्या पाठीवर थाप मारली, बीअर आणून दिली, आणि माझ्यासाठी बाकावर जागा झाली. मला आनंद झाला, बेरिल. खोटं नाही लिहिणार. आपल्यात बसलो असं वाटलं, आणि मला फार आनंद झाला.

शनिवारी दोन हजार माणसांनी ती ओळ गायली. मीही गायलो. समोर मानाच्या खुर्च्यांत ग्रॅहम बसला होता, शेजारी हेलेन. दुसऱ्यांदा गायलो तेव्हा तिनं वडिलांकडे तोंड वळवून काहीतरी विचारलं. तो मैदानाकडेच बघत राहिला. तिसऱ्यांदा माझ्या तोंडून आवाज निघाला नाही, पण त्यानं काय होतं? दोन हजारांत एक कमी झालेला कुणाला कळतो?

मग अठरा तारखेला त्यानं राजीनामा दिला. गावात वेड्यासारखी माणसं नाचली. मिल लेनवर गाड्यांचे भोंगे, वीव्हर्समध्ये फुकट बीअर. मॉरिस टेबलावर चढून ओरडला, "ज्यानं ओळ दिली त्याच्या नावानं!" ग्लास माझ्यासमोर होता, मला तो उचलवेना. आणि मैदान? ते विकलेलंच आहे. गोदामवाल्यांना अध्यक्ष कोण याच्याशी काय घेणं! खुर्ची तेवढी रिकामी झाली.

दर बुधवारी मी ग्रॅहमकडे जातो. तो पडदे ओढून बसलेला असतो. गेल्या वेळी म्हणाला, "तिनं सांगितलं. बेरिलनं. केस कापून घ्यायला बसली की तोंड बंद राहतं का बायकांचं?" मी म्हणालो, "कशावरून?" तर माझ्याकडे बघून म्हणाला, "मग कोण? तू? मला ओढून काढताना तुझ्या दोन बरगड्या मोडल्या होत्या." आणि माझा हात धरून बसला. मी धरू दिला.

हे तुला फोनवर सांगायचं होतं. पण तू ते आधीच ओळखलं होतंस. फोन ठेवण्याआधी म्हणालीस, "त्याला काही सांगू नकोस. त्या गावात त्याला एकच माणूस उरलाय. तोही गेला तर तो पुन्हा काय करेल कोण जाणे. माझ्यावर राहू दे." म्हणजे तीन आठवडे तू जॉइसच्या मागल्या खोलीत बसून माझं पाप पांघरून घेतलंस, आणि ते माझ्यासाठी नाही, त्याच्यासाठी.

तू "सांगू नकोस" म्हणालीस तेव्हा मला हायसं वाटलं. एवढा नीच मी आहे, हेही तुला ठाऊक असू दे. तू म्हणशील तसं करतो. गप्प बसतो.

क्लिफ


रॅडनशॉ,
रविवार, ७ एप्रिल

ग्रॅहम,

हे पत्र हेलेन तुझ्या हातात देईल आणि तू वाचून होईपर्यंत तिथंच बसेल. तिनं आधी वाचलंय. याचं कच्चं पान मीच तिला वाचायला दिलं होतं. वाचून झाल्यावर तिनं मला, "मामा, जा आता," एवढंच म्हटलं. तिला उठवून लावू नकोस. आज ती रात्रीही तिथंच राहणार आहे, तसं आमचं ठरलंय.

बुधवारी तू बेरिलचं सामान खोक्यांत भरून ठेवलं होतंस. एक खोकं माझ्या गाडीत चढवलंस, वर घटस्फोटाच्या कागदांचा वकिलाचा लिफाफा दिलास आणि म्हणालास, "तुझ्या हातून गेलेलं बरं. तिला म्हणावं सही कर. कोर्टात मला काही बोलायचं नाही." मी ते खोकं घेऊन निघालो. खरंच निघालो होतो, ग्रॅहम. अर्ध्या वाटेवर पेट्रोल भरायला थांबलो. मागच्या सीटवर बघितलं तर वर बेरिलचा हिरवा कोट, शर्लीच्या अंत्यविधीला घातला होता तो, नीट घडी करून ठेवलेला. घडी तू घातली होतीस. ज्या बाईवर एवढा राग, तिच्या कोटाची कोण अशी घडी घालतं? मी गाडी वळवून परत आणली.

आता ऐक. कालव्याचं मॉरिसला मी सांगितलं. वीव्हर्समध्ये, दुपारी, पूर्ण शुद्धीत, मला कुणी दारू पाजलेली नव्हती. ती ओळ माझी. लोक मला तुझा माणूस म्हणून टाळत होते ते मला सोसवलं नाही, म्हणून तुला विकलं. तू मैदान विकलंस त्याचा मला अजूनही राग आहे, आणि तो मी तुझ्या तोंडावर पुन्हा काढेन. पण त्या ओळीशी त्याचा काही संबंध नाही. नुसती खुर्चीवरून उतर म्हटलं असतं तरी गाणं झालंच असतं.

बेरिलनं सत्तावीस वर्षांत कुणाला अवाक्षर सांगितलेलं नाही. केस कापणारीला नाही, जॉइसला नाही, पोटच्या पोरीला नाही. तू तिच्यावर आळ घेतलास तेव्हा तिला कळलं होतं की हे माझं काम. तरी ती बोलली नाही. तुला या गावात एक तरी माणूस आपला वाटत राहावा म्हणून तिनं घर सोडलं. मला तिनं बजावलं होतं की तुला सांगू नकोस. मी तिचा शब्द मोडतोय. तिला वाटतं हे वाचून तू खचशील. मलाही ती भीती आहे. चार दिवस तेवढाच विचार केला. पण माझ्यासारखा माणूस जवळ राहावा म्हणून तुझ्यापासून तिच्यासारखी बाई जावी, हा सौदा मला पटेना.

खोकं तुझ्या दाराशी ठेवलंय. लिफाफा त्यातच आहे, तुझा तू बघ. जॉइसचा नंबर हेलेनकडे आहे.

माझ्याशी बोलावं असं मी म्हणत नाही. बुधवारी येणार नाही. पण उद्यापासून रोज सकाळी उजाडल्यापासून नऊ वाजेपर्यंत मी कालव्याकाठच्या पायवाटेवर असेन, पाणी अडवणाऱ्या लॉकच्या दारापासून पुलापर्यंत. तू घराबाहेर पडून तिकडे आलास तर तोंड फिरवून जा, शिवी दे, काय वाटेल ते कर. बरगड्या आता पहिल्यासारख्या नाहीत, पण मी पुन्हा पाण्यात उतरेन.

तिला घरी बोलाव.

क्लिफर्ड ऑर्मरॉड