पाहुणे येणार म्हणून

५ जानेवारी
सोडतीत सरपंचपद बाईला सुटलं. हे दोन वर्षं झटतायत, नळाचं पाणी आणीन म्हणून देवळात नारळ फोडून बोलले, आणि आता स्वतः उभंच राहता येत नाही. संध्याकाळी यांच्या पॅनलची सगळी मंडळी ओटीवर. चहाचं आधण ठेवून ठेवून कंटाळले. जो तो दुसऱ्याच्या बायकोचं नाव सुचवतोय! आपली उभी करतो म्हणायला एकही तयार नाही.

७ जाने.
हे म्हणाले, नीलमला बोलावून घे, कुंभिवलीचे पाहुणे बघायला येतायत. मी म्हटलं, नर्सिंगचं शेवटचं वर्ष, परीक्षा तोंडावर. "स्थळ चांगलं हाय गं, हातचं घालवू नको." मलाही मोह झालाच. फोन केला. पोरगी चिडली, पण येते म्हणाली.

९ जाने.
नीलम नाशिकहून आली. यांनी स्वतः भांबुर्ड्याचा पाला आणून शेतावर मडक्यात शेंगांची पोपटी लावली. वालाच्या शेंगा सोलून तिच्या पुढ्यात ठेवत होते, ती लहान असताना ठेवायचे तशा. स्वतः एक दाणा खाल्ला नाही. पोरगी सासरी जाणार म्हणून असेल. बापाचा जीव.

१० जाने.
पाहुणे नव्हतेच. मी पोहे भिजवून बसलेली, नीलम माझी मोरपिशी साडी नेसून. आले ते पॅनलवाले, हार घेऊन. बबनभावजी म्हणाले, "पोरी, आता तूच आमची सरपंच. तुझ्या बापानं, नानांनी शब्द दिलाय." म्हणजे पाच वर्षं गावात. नर्सिंग गेलं चुलीत.
यांच्याकडे बघितलं, तर हे जमिनीकडे बघतायत. कालची पोपटी कशाची होती ते आता कळलं.
मंडळी गेल्यावर म्हणाले, "मी नाय म्हणलो असतो तर पॅनल फुटलं असतं. हातातोंडाशी आलेलं पाणी गेलं असतं गं." आणि रडले. धड रागही येईना. नीलमने साडीची घडी घालून ठेवली.

११ जाने.
भाजी निवडताना नीलमने गोष्ट सांगितली. कॉलेजच्या गॅदरिंगला केलेलं नाटक, ग्रीक लोकांचं. राजाची गलबतं किनाऱ्याला अडकलेली, वारा पडलेला, फौज खोळंबलेली. देवी म्हणे, मुलीचा बळी दे, मग वारा सोडते. राजाने लग्न ठरलंय असं खोटं सांगून मुलीला बोलावून घेतलं. आई बिचारी हौसेने घेऊन आली.
"मग मारली?"
"काही जण म्हणतात, ऐन वेळी देवीने तिला उचललं आणि तिच्या जागी हरीण ठेवलं."
राणीने पुढे राजाला कसं मारलं, तेही सांगितलं. यांना सांगितलेलं नाही.

१२ जाने.
नीलम म्हणते, भरते अर्ज. "पप्पांची मान खाली नको जायला. आणि तू तरी अजून किती वर्षं विहिरीवरून हंडे आणणार?" अगदी शांतपणे. रडली असती तर बरं वाटलं असतं. हे ऐकून उठून बाहेर गेले, जेवले नाहीत. मी थांबवलंही नाही.
बाई पाहिजे ना यांना? घरात बाया दोन. दुसरी कुणाला दिसलीच नाही. मलाही नाही.

१३ जाने.
अर्जाचा शेवटचा दिवस. सकाळी नीलमची बॅग मीच भरली. कर्जतला जाणाऱ्या टमटममध्ये बसवलं. ती नको नको म्हणत होती, मग गळ्यात पडून रडली. यांना म्हटलं, चला खालापूरला, अर्जावर माझं नाव घाला.
"तू? चार माणसांत तोंड उघडत नाय तू."
"तुमच्यापुढे उघडत नाही. विहिरीवर येऊन ऐका एकदा."
यांनी मोटरसायकल काढली. वाटेत म्हणाले, "मला सुचलंच नाय गं." खरं असावं.
अर्ज भरला. बबनभावजींचं तोंड वाकडंच. उद्यापासून घरोघर हात जोडत फिरायचं. भीती वाटते.
नीलमचा फोन आला, पोचली. हरणाचं पुढे काय झालं, ते विचारायचं राहिलं.