दुखत नाही ना?

माय, तुझ्या नातीचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. तू तिला पाहिलं नाहीस, ती जन्मायच्या कितीतरी आधी तू गेलीस. आता ती बरी आहे, हे लिहिताना समोर अंगणात लंगडी घालायली, म्हणून जीव वरखाली करू नकोस. पण मधले ते दिवस माझ्या मनातून जाईनात, आणि त्यात तुझीही एक जुनी गोष्ट अडकलेली आहे. दुसऱ्या कुणाला सांगायचं तर तुझी बदनामी होईल. म्हणून तुलाच लिहिते.

ताडकळसहून जीपमधून परभणीला नेताना ती पोट धरून दुमती झाली होती आणि मी सारखी सांगत होते, दत्ताचं नाव घे, शहाणी लेकरं रडत नसतात. दवाखान्यात ऑपरेशन सरकारी योजनेत बसलं, आणि तिथंच माझ्या मनात पाल चुकचुकली. तू म्हणायचीस ना, फुकटच्या ताकात पाणीच लय. ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरीणबाई आल्या. वयानं लहान, केस आखूड, बोलणं तोडून टाकल्यासारखं. त्यांनी लिहून दिलेल्या बाटल्या मी उजेडात धरून बघितल्या. एक तर आपल्या घरी तापाला असते तीच.

"हे तापाचं औषध हाय," मी म्हणाले. "पोट फाडल्यावर तापाचं औषध?"

"तेच दुखण्यालाही चालतं, मावशी. जखमेच्या भोवती बधिर करायचं औषध आम्ही ऑपरेशनमध्येच दिलंय. आता ही दोन औषधं आलटून पालटून, घड्याळ बघून द्यायची. बहुतेक लेकरांचं एवढ्यावर भागतं."

"आन् ते जोराचं इंजेक्शन? आमच्या ह्यांच्या मणक्याच्या वेळी दिलं होतं. दिवसभर झोपून होते."

"ते आहे आमच्याकडे. लागलं तर देऊ, हात आखडणार नाही. पण ते अफूच्या जातीचं असतं. त्यानं लेकरांना मळमळतं, पोट साफ होत नाही, आणि जास्त झालं तर श्वास मंदावतो. म्हणून आधी हे."

अफू म्हटल्यावर मला हसूच आलं. "आमी तर अफू खाऊनच मोठे झालो की," मी म्हणाले. "माय कापूस वेचायला जायची तवा द्यायची आमाला."

त्या हसल्या नाहीत. "सगळी भावंडं वेळेवर उठायची का?" एवढं विचारलं आणि उत्तराला न थांबता पलीकडच्या खाटेकडे गेल्या. मला असा राग आला, माय. काल जन्मलेली पोर माझ्या मायचं काढते. मी ह्यांना म्हणाले, "मला तर वाटतं चांगलं औषध पैसे देणाऱ्यांसाठी ठेवतात." हे म्हणाले, "तुला तर देवळातल्या पुजाऱ्याचा पण संशय येतो." येतोच. नारळ कुठं जातात ते मला माहीत आहे.

पण तो प्रश्न माझ्यात रुतून बसला. कारण एक दिवस भाऊ वेळेवर उठला नव्हता. तुला आठवत असेल, किंवा तुला आठवायचं नसेल. पेडगावचं रान आहे, मी बांधावर बसलेली आहे, लिंबाच्या झाडाला तान्ह्या भावाची झोळी टांगलेली आहे. तू कमरेच्या चंचीतून ती इवली पितळी डबी काढतेस, आतली काळी गोळी नखानं खरवडतेस, बोट ओलं करून त्याच्या तोंडात घालतेस. तो चुटूचुटू चोखतो आणि गप होतो. तू मला म्हणतेस, झोका दे ग, आणि सरीत शिरतेस. मी झोका देते. ऊन उतरतं, बाया ओटीतला कापूस गाठोड्यात बांधतात, आणि तू त्याला उचलतेस तर त्याची मान लटकते. तू त्याच्या तळपायावर चापट्या मारायलीस, तोंडावर पाणी मारायलीस, बाया गोळा झाल्यात, कुणी कांदा फोडून नाकाला लावतंय. त्याच्या ओठांचा रंग जांभळासारखा. मग कधीतरी तो खोकला आणि रडला, आणि तू त्याचं रडणं ऐकून खाली बसलीस. घरी आल्यावर तू सगळ्यांना सांगितलंस, दृष्ट लागली लेकराला. मीठमोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्यास. पण ती डबी मला त्या दिवसानंतर परत दिसली नाही. दृष्ट लागली होती तर डबी का गेली, माय? हे मी तुला कधी विचारलं नाही, पण ध्यानात ठेवलं. भाऊ आता ट्रक चालवतो, दोन माणसांचं जेवतो. त्याला यातलं काही ठाऊक नाही.

तर घरी आणल्यावरचं सांगते. पहिल्या दिवशी मी औषध त्यांनी सांगितल्यासारखं दिलं. दुसऱ्या दिवशी पोरगी नीट पडून होती, भिंतीकडे तोंड करून, गप. मी जाता-येता विचारायची, "दुखत नाही ना?" ती म्हणायची, "नाही." मग दुखत नाही तर औषध कशाला? घरात तेलाचा थेंब वाया जाऊ न देणारी मी. वरून ते औषध माझ्या मते पाणीच होतं, आणि पाणी तरी कशाला ओतायचं लेकराच्या पोटात? उद्या रडली तर कामी येईल म्हणून बाटल्या फडताळात ठेवून दिल्या.

दुपारनंतर तिला लघवीला उठवायला गेले तर तिनं माझं मनगट असं धरलं की नखं रुतली. कपाळ ओलं, ओठ आत ओढलेले. उठता येईना, वळता येईना. आणि रडत नव्हती, हेच भ्या वाटण्यासारखं होतं. मी अंगारा लावला. ओरडून अक्काला, माझ्या थोरल्या जावेला, बोलावलं. तिनं एकदा बघितलं आणि म्हणाली, "डॉक्टरनं पाणी दिलंय ग बाई तुला. भावजींच्या मणक्याच्या गोळ्या हायत ना उरलेल्या? अर्धी दे. झोपंल लेकरू, तू बी सुटशील."

त्या गोळ्या होत्याच. उरलेलं मी फेकत नाही, तुझीच लेक. अर्धी मोडली, चमच्यानं चुरली, गुळाच्या पाण्यात कालवली. चाखून बघितली, कडू होती, अजून गूळ घातला. मग चाटवावी म्हणून बोट बुडवलं आणि तिच्या तोंडाजवळ नेलं. पोरीनं तोंड उघडलंसुद्धा. आणि माय, ते बोट मला माझं वाटलं नाही. पेडगावच्या बांधावरचं वाटलं.

मी वाटी खाली ठेवली. अक्का म्हणाली, "अगं दे की, काय बघायलीस?" मी म्हणाले, "थांब, आधी त्या भवानीला विचारते." आणि दवाखान्याच्या कागदावरचा नंबर लावला. डॉक्टरीणबाई स्वतःच बोलल्या. ताप आहे का, उलटी झाली का, पोट दगडासारखं लागतंय का, असं सगळं विचारलं. तसं काही नव्हतं.

"सिरप शेवटचं कधी दिलं?"

"काल संध्याकाळी."

"का?"

"दुखत न्हाई म्हणाली ती."

"तुम्ही विचारलंत कसं?"

"कसं म्हंजे? दुखत न्हाई ना, असं."

"मावशी, 'ना' लावून विचारल्यावर लेकरू 'दुखतंय' कसं म्हणेल? कुठं दुखतंय, किती दुखतंय, असं विचारा. आणि दुखणं चढल्यावर ही औषधं पुरी पडत नाहीत, ते चढायच्या आधी द्यायची असतात. आता दोन्ही द्या. तासाभरात उतार पडला नाही तर वाट न बघता घेऊन या, आम्ही इथं बघू काय द्यायचं ते."

मी पाकिटावरचं नाव वाचून त्या गोळ्यांचं सांगितलं. म्हटलं, अर्धीच हाय, देऊ का?

"देऊ नका," त्या ओरडल्याच. "मोठ्या माणसाची ती गोळी, त्याच अफूच्या जातीची. तिनं लेकरू झोपेल, मावशी, पण उठेल का ते मी सांगू शकत नाही."

औषध दिलं आणि तिचा हात धरून बसले. अक्का दारात उभी राहून म्हणत होती, बघ, काही होत नाही त्या पाण्यानं. मलाही तेच वाटत होतं. पण हळूहळू माझ्या मनगटावरची तिची पकड सैल झाली, आणि ती म्हणाली, "आई, भूक लागली." वाटीतलं कालवण मी न्हाणीत ओतलं आणि उरलेल्या गोळ्या तशाच भिजवून त्याच्यामागं घातल्या. फेकताना हात अडखळला, खोटं कशाला बोलू? नंतर मी पोरीकडे पाठ करून, कणीक मळता मळता विचारलं, "कुठं दुखतंय ग?" तिनं बेंबीपासून कुठं कुठं ते सगळं सांगितलं. काल रात्रीपासून दुखत होतं, म्हणाली. मग बोलली का नाहीस? तर म्हणते, "तुला 'नाही'च पाहिजे होतं ना."

त्या डॉक्टरीणबाईंवर माझा पुरता विश्वास बसलाय असं समजू नकोस. योजनेचं अजून मला कळलेलं नाही, कळून घेईन. डबीचं मात्र मी आता तुला विचारणार नाही. दृष्ट म्हणालीस तर दृष्ट.

दुसरंच एक डोक्यात आलंय. तुझ्या शेवटच्या उन्हाळ्यात तू बाजेवर पडून होतीस, ओठ सारखे हलायचे. भेटायला येणाऱ्यांना आम्ही सांगायचो, माय लय शांत हाय, नाम घेत असती. बाया तुझ्या पाया पडून जायच्या. मी रोज सकाळी तुझ्या उशाशी बसायची, केस विंचरायची आणि विचारायची. तू म्हणायचीस, न्हाई ग बाई, काई न्हाई. आणि मला बरं वाटायचं, मी उठून कामाला लागायची. जगात मी सगळ्यांचा संशय घेतला, त्या 'न्हाई'चा कधी घेतला नाही. मी काय विचारायची ते तुला आठवतं का? "दुखत न्हाई ना, माय?"