हार्ड डिस्कमधला ढावलो

२ ऑक्टोबर, दसरा

माझ्या बापूंनी हार्ड डिस्कची पूजा केली!

आमच्या स्टुडिओतले कॅमेरे, लाइट सगळं मांडून झेंडूचे हार घातले. इथवर ठीक. पण मग म्हणे, "बंद मशीनची पूजा करते का कोनी? तांड्यात ट्रॅक्टर बी सुरू करूनच नारळ फोडतो आपन." मी स्वयंपाकघरात, नवरा राजकुमार शूटिंगला गेलेला. बापूंनी कॉम्प्युटर चालू केला, डिस्कला कुंकू लावलं आणि त्याच टेबलावर नारळ आपटला. डिस्क फरशीवर!

दोनदा लावून पाहिली. टक्-टक्-टक्. उघडत नाही.

त्यात आमचं लग्न आहे. आणि लग्नात याडीचा, माझ्या आईचा, ढावलो. माहेर सोडताना नवरीनं एकेकाच्या गळ्यात पडून ढावलो म्हणायचा – रडत, सूर लावून. मला कुठला येतोय! सगळं शिक्षण होस्टेलात. नुसती हुंदके देत उभी होते. शेवटी याडीनंच मला कवटाळलं आणि माझ्या वतीनं म्हटला. अख्खा तांडा रडला होता.

गेल्या वर्षी याडीला लकवा मारला. तेव्हापासून ती आणि बापू आमच्याकडंच असतात. हात सुधारला, पाय सुधारला, बोलणं परत आलं नाही. माझ्याकडं बघून ओठ हलवते, नुसता 'आ, आ' येतो. मला माझ्या आईचा आवाज ऐकायचा आहे. दुसरं काही नको.

३ ऑक्टोबर

नवरोबांचा सल्ला – "यूट्यूबवर सांगून राह्यले, प्लास्टिकात गुंडाळून फ्रीजरमध्ये ठेवली का चालते." म्हटलं, मटार आहेत का! मग म्हणे, अजून एकदा लावून तर पाहू. अजिबात नाही. आतली सुई चकतीला घासत असेल तर दर वेळी थोडं आणखी खरवडलं जाणार. डिस्क कपाटात टाकली, किल्ली माझ्याजवळ.

गिऱ्हाइकांना मारे बजावतो, दोन ठिकाणी ठेवा, दोन ठिकाणी ठेवा. आमची स्वतःची एकच!

४ ऑक्टोबर

लग्नाची डीव्हीडी आठवली! फुलसावंगीकडं तांड्यावर भावाला फोन केला. खेमसिंग म्हणतो, "बाई, ते तं बापूनं कवाचीच ज्वारीत टांगली. चमकते म्हून पाखरं येत नाही."

हसू की रडू! बापू शेजारीच होते. त्यांनी ऐकलं. मी त्यांना चांगलं झापणार होते, पण त्यांचं तोंड पाहिलं आणि फोन ठेवून दिला. ते जेवले नाहीत.

८ ऑक्टोबर

नागपूर. डिस्क टॉवेलात गुंडाळली, पांढरकवड्यापासून एसटीत मांडीवर. बापू हट्टानं सोबत आले. डेटा काढून देणाऱ्या माणसानं पहिलंच विचारलं, "पडल्यावर कितीदा सुरू केली?"

"दोनदा."

"मंग आशा आहे. लोकं लावून लावून पार घासून आनतात. पण गॅरंटी नाही, ताई."

बापूंनी हात जोडले. "साहेब, बाकी काही नाही निघालं तं चालते. माह्या बुडीचा आवाज तेवढा काढून द्या."

येताना ते खिडकीबाहेर बघत होते. मला सगळ्यात वाईट त्यांचंच वाटलं.

१४ ऑक्टोबर

फोन नाही.

दिवसभर लग्नाचे व्हिडिओ एडिट करते. परक्या आया परक्या मुलींवर ओरडत असतात – पदर नीट घे, इकडं बघ, हसू नको एवढी. एकेकीचा हेवा वाटतो. याडी मला हाक मारायची तर पार तांड्याच्या टोकाला ऐकू जायची. लाज वाटायची मला. आता एकदा तशी हाक मार गं. कशावरूनही मार. मी पहिल्या हाकेला येईन.

२० ऑक्टोबर, दिवाळी

फटाक्यांनी याडी दचकते. तिच्या कानात कापूस घातला – शेतातला, नवा.

२७ ऑक्टोबर

निघालं! नागपूरहून नवी डिस्क आली. आधी दुसरीकडं कॉपी केली, मगच उघडली.

चित्र अगदी स्वच्छ. आवाज नाही. नेमका तेवढ्याच भागातला गेला. पडद्यावर याडी मला कवटाळून तोंड उघडते आहे, आणि काहीच ऐकू येत नाही. तेव्हाचीही मुकी, आत्ताचीही मुकी. बापू म्हणतात, "स्पीकर खराब असन. दुसरा लाव नं." राजकुमारनं बिचाऱ्यानं खरंच दुसरा लावला.

याडीला समोर बसवलं होतं. आरशांची ओढणी घेतलेल्या मला, आणि स्वतःला, ती नजर न हलवता बघत राहिली. मी मागच्या दाराशी जाऊन रडून घेतलं.

२८ ऑक्टोबर

याडी गायली!

सकाळी तिची वेणी घालत होते. तिनं वळून माझ्या गळ्यात हात टाकले आणि ढावलो म्हटला. शब्दन् शब्द! घोगरा, पण तिचाच आवाज. डॉक्टरांना फोन केला – म्हणाले, होतं असं, बोलणं गेलेल्या माणसाचं गाणं कधीकधी शाबूत राहतं. बापू पेढे आणायला उठले. चपला घालता घालता थांबले आणि तिथंच उंबऱ्यावर बसले.

ते का बसले, मला नंतर कळलं. ढावलो निघणारीनं म्हणायचा असतो. आज मी तर कुठंच निघालेली नाही.