दोन पट्ट्या खाली

९ नोव्हेंबर

प्रिय मास्तर,

नमस्कार. मी ठणठणीत आहे, तुम्हीही असाल असं धरून चालते. हल्ली फोन केला की तुमची घरमालकीण उचलते आणि "झोपलेत" म्हणते. सकाळी झोपलेले, दुपारी झोपलेले, चहाच्या वेळीही झोपलेलेच. इतकी झोप तुम्हाला जन्मात कधी लागली नव्हती. म्हणून हे पत्र.

तुमच्या चालींचं आपलं जुनं नाटक, 'नावाडीण', पुन्हा उभं राहतंय, हे तुम्हाला ठाऊक आहेच. तुमचं कार्ड चिमणनं तालमीच्या खोलीत भिंतीला टाचून ठेवलंय: "करा. पण एकही सूर बदलायचा नाही." येणारा-जाणारा ते वाचतो आणि कान पकडतो. आपला चिमण, मास्तर! माझ्या बहिणीचं ते शेंबडं पोर, आपली तालीम चालली की मागच्या खुर्च्यांवर झोपून जायचं, ते आता निर्माता झालंय. टक्कल पडलंय, पोट सुटलंय. मला म्हणाला, "मावशी, नाटक तूच बसवायचंस. ती नावाडीण तुझ्याइतकी कुणाला माहीत आहे?" माझ्या या फाटक्या आवाजात मी नटांना काय सांगणार, असं म्हणत म्हणत हो म्हणून बसले.

अडलं ते नावाडणीपाशीच. पहिल्या अंकात अल्लड पोर, तिसऱ्यात कंबर वाकलेली म्हातारी, आणि मध्ये एकदाही विंगेत जाऊन घोटभर पाणी प्यायची सोय नाही. सगळी गाणी वल्हं मारता मारता म्हणायची. शेवटचं तर वाद्यांशिवाय. कितीतरी मुली येऊन गेल्या. गाणाऱ्यांना चालता येईना आणि चालणाऱ्यांचा दम दुसऱ्या अंकातच संपे. शेवटी चिमणनं बाईसाहेबांचं नाव काढलं. हो, त्याच. न्हाव्याच्या दुकानात, टॅक्सीत, शेजारणीच्या स्वयंपाकघरात ज्यांचा आवाज ऐकू येतो, त्याच.

मी म्हटलं, "अरे, त्या माईकपुढे उभ्या राहून गातात. चेहऱ्यावरची रेघ हलत नाही. नावाडीण म्हणजे काय पुतळा आहे?"

"तिकिटं हातोहात जातील, मावशी."

"मग पुतळाच आण आणि तिकिटं वीक."

पण बाईसाहेबांनीच निरोप धाडला, की इतरांची घेतली तशी माझीही परीक्षा घ्या. ठरल्या वेळी आल्या. सोबत लवाजमा नाही, काही नाही. ओली छत्री स्वतःच कोपऱ्यात ठेवली आणि शेवटचं गाणं म्हटलं. काय सांगू मास्तर, इतकं देखणं गाणं मी वर्षानुवर्षांत ऐकलं नव्हतं. चिमणच्या डोळ्यांत पाणी. मी म्हटलं, "फार सुंदर गायलात. म्हणूनच चालणार नाही. ही म्हातारी थकलीय. तिला सुंदर गायला वेळ नाही."

चिमणचा चेहरा पांढराफटक पडला. बाईसाहेब मात्र हसायला लागल्या. म्हणाल्या, "ताई, मी याआधीही इथून परत गेलेय. एकोणीस वर्षांची होते. तुमच्या नाटकात कोरसमध्ये घ्या म्हणून आले होते. मास्तर काय म्हणाले, सांगू? 'पोरीचा गळा गोड आहे, पण तो गोड आहे हे तिला फार ठाऊक आहे.' त्या दिवशी घरी जाईपर्यंत रडले होते. आज रडणार नाही. काय करायचं ते सांगा."

तुम्हाला आठवते का हो ती मुलगी? मला तर काही केल्या आठवत नाही. वाक्य मात्र तुमचंच, यात शंका नाही.

मी त्यांच्या हातात वल्हं दिलं. म्हटलं, "गाणं राहू द्या. आधी नाव चालवा." त्यांनी चपला काढल्या आणि ओठ घट्ट मिटून वल्हं मारायला लागल्या. सुरुवातीचे कितीतरी दिवस त्यांनी एक ओळसुद्धा म्हटली नाही. तळहाताला फोड आले तरी तक्रार नाही. तेव्हाच मी चिमणला सांगितलं, हीच.

तब्येतीला जपा. कपाटातला जाड स्वेटर बाहेर काढलात ना?

तुमची विद्यार्थिनी


१४ डिसेंबर

मास्तर,

गेल्या आठवड्यात चिमणनं तुम्हाला विचारलं, की पहिल्या अंकातलं हाकेचं गाणं दोन पट्ट्या खाली घेऊ का. तुमचं उत्तर आलं: "नाही." एवढ्या एका शब्दासाठी अख्खं पाकीट वाया घालवलंत.

झालं काय ते तुम्हाला नीट सांगायला हवं. हाकेचा तो वरचा सूर आला की बाईसाहेब रोज थांबायच्या. एकदा घसा बसला, एकदा झोप झाली नाही, एकदा खोलीत गारठा फार. मी गाण्यातलीच बाई, मला का कळत नाही? काल दुपारी सगळे चहाला गेले, तेव्हा त्या पालथ्या पडलेल्या नावेवर बसून राहिल्या. मी शेजारी जाऊन बसले.

"ताई, तो सूर आता माझा राहिला नाही," त्या म्हणाल्या. "जाऊन बरीच वर्षं झाली. रेकॉर्डिंगमध्ये सांभाळून घेतात. तुकड्यातुकड्यानं गाऊन घेतात आणि जोडतात. माझ्या नवऱ्यालासुद्धा माहीत नाही."

"मग ही भूमिका कशाला मागितलीत? दुसरं काही सोपं मिळालं असतं."

"सगळं आयुष्य चांगलं ऐकू यावं म्हणून गायले. ही बाई म्हातारी होते, तिचा आवाज जातो आणि तरी ती गाते. वाटलं, इथे तरी मला लपावं लागणार नाही. पण मास्तरांनी पहिल्याच अंकात दार लावून घेतलंय." उठल्या आणि म्हणाल्या, "दुसरी कुणी बघा. घसा बिघडला म्हणून मी स्वतःच जाहीर करीन. तुमच्यावर बोल येणार नाही."

मी त्यांना आणखी चार दिवस थांबायला लावलंय. आता तुमच्याशी भांडते.

तो सूर कुठून आला, हे तुम्ही विसरलात का? मी नाही विसरले. चप्पल शिवणाऱ्याच्या दुकानावरच्या आपल्या त्या दोन खोल्या. खालून दिवसभर हातोडीची ठकठक, आणि तुम्ही म्हणायचात, फुकटचा ताल मिळतोय. पियानो आत आला, पण पलंग मावेना, म्हणून आपण जमिनीवर झोपायचो. हाकेचं गाणं तुम्हाला सुचत नव्हतं. आठवडाभर तुम्ही नीट जेवला नव्हता, माझ्याशी धड बोलला नव्हता. मी रागारागानं किटली उचलली, उकळतं पाणी हातावर सांडलं आणि मी किंचाळले. तुम्ही आतून धावत आलात. मला वाटलं, हात बघायला आलात. कसलं काय! "हाच! हाच सूर! पुन्हा ओरड बघू!" मी रडता रडता हसत सुटले, आणि तुम्ही माझा भाजलेला हात पाण्यात धरून दुसऱ्या हातानं पियानोवर तो सूर शोधत बसलात. हात पियानोपर्यंत पोहोचावा म्हणून पाण्याचं भांडं तुम्ही स्टुलावर ठेवलं होतं.

म्हणजे तो सूर काही आकाशातून पडलेला नाही. ती माझी किंकाळी होती, माझ्या तेव्हाच्या गळ्यातली. या बाईची किंकाळी दोन पट्ट्या खाली आहे. तिला तिची किंकाळी मारू द्या.

आता लिहायलाच बसले आहे तर एक गोष्ट लिहूनच टाकते. इतकी वर्षं ती ओठांवर आणून परत गिळत आले. डॉक्टरांनी माझ्या गळ्यातली गाठ काढली आणि गाठीबरोबर गाणंही गेलं, त्या वर्षी तुम्ही भरल्या सभागृहात सांगितलंत, "ती नाही, तर नावाडीण कुणीच नाही." लोक उभे राहिले, टाळ्या थांबेनात. बायका मला म्हणाल्या, नवरा असावा तर असा. मी खाली मान घालून बसले होते. मला कुणीच विचारलं नाही, मास्तर. तुम्हीसुद्धा नाही. मला हवं होतं की कुणीतरी ते गावं. माझ्याहून वाईट गावं किंवा माझ्याहून चांगलं गावं, पण मला ते ऐकू यावं. तुम्ही माझ्या गळ्यामागोमाग नाटकही पुरलंत. मग मला त्रास नको म्हणून घरात पियानो उघडायचं थांबवलंत, पावलं न वाजवता चालायला लागलात. त्या शांततेत आपण दोघं गुदमरलो. तुम्हाला त्या लांबच्या गावी शिकवण्याची नोकरी मिळाली तेव्हा मी "जाऊ नका" म्हटलं नाही, कारण निदान तिथे तरी तुम्ही पियानो उघडाल असं वाटलं.

तुमचं ते प्रेमच होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. म्हणून तर काही बोलता आलं नाही.

उत्तर द्या. एका शब्दाचं नको.

तुमची


२ मार्च

प्रिय मास्तर,

तुमचं पुडकं मिळालं तेव्हाच लिहायला हवं होतं. पण प्रयोगाच्या धामधुमीत जीव नुसता टांगणीला लागला होता.

पत्र नाही, चिठ्ठी नाही, नुसते स्वरांचे कागद. तुमचं अक्षर आता थरथरतं. आम्ही मागितलं होतं एक गाणं दोन पट्ट्या खाली, तुम्ही तर सगळा पहिला अंक तिच्या गळ्यासाठी नव्यानं मांडून पाठवलात! मधल्या ओळींची चालही बदलली. बाईसाहेबांनी कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचले. मग म्हणाल्या, "घेतलं म्हणायचं मला मास्तरांनी." चिमणनं भिंतीवरचं ते कार्ड काढलं आणि गुपचूप खिशात घातलं.

पहिला प्रयोग परवा झाला. मी विंगेत, पडद्याच्या दोऱ्यांजवळ उभी होते. प्रकाशयोजनेवाल्यानं मला त्याचं स्टूल दिलं, पण मला बसवेना. हाकेचं गाणं आलं. बाईसाहेबांनी वल्हं टाकलं, दोन्ही हात तोंडाशी नेले आणि सूर लावला. खालचा सूर, जाडाभरडा, नदीच्या पार जाणारा. तो माझा सूर नव्हताच. तो तिचा होता आणि नावाडणीचा होता.

शेवटच्या गाण्यात तिचा आवाज फाटला. ठरवून नव्हे, खरोखरच फाटला. तिला खोकला आल्याचं सोंग करता आलं असतं. तिनं तसं केलं नाही. नावेच्या कडेला बसली, म्हातारी दम खाते तसा दम खाल्ला आणि तिथूनच पुढची ओळ उचलली, बोलल्यासारखी. पडदा पडल्यावर टाळ्या सुरू झाल्या, त्या आवरेनात. विंगेत आली तेव्हा घामानं निथळत होती. माझ्या गळ्यात पडून म्हणाली, "ताई, ऐकलंत ना? सगळ्यांनी ऐकलं."

एका वर्तमानपत्रानं लिहिलंय, 'सोन्याचा गळा गंजला.' बाईसाहेबांनी मोठ्यानं वाचून दाखवलं. म्हणाल्या, "सोनं कधी गंजतं का? या माणसाला गाणंही कळत नाही आणि सोनंही." पुढच्या प्रयोगांना जागा शिल्लक नाहीत, असं चिमण सांगतो. बाईसाहेबांनी आपल्या नवऱ्याला सगळं सांगून टाकलं. तो म्हणाला म्हणे, मला कधीपासून ठाऊक होतं, तू सांगशील म्हणून थांबलो होतो.

आता तुमच्या झोपेविषयी. तुमचं पुडकं आल्यावर चिमण तुम्हाला भेटून आला, तेव्हा त्यानं मला सांगितलं, रागावू नका त्याच्यावर. तुम्ही फोनवर येत नाही, कारण तुम्हाला ऐकू येत नाही. डावा कान गेला, उजवाही चाललाय. हे नवे सूर तुम्ही ऐकून नाही, नुसते आठवून लिहिलेत. आणि मी इकडे तुमच्याशी भांडत होते.

मास्तर, या. ऐकू येणार नाही म्हणून यायचं नाही, असा हट्ट आता पुरे. माझा आवाज बसला, तुमचे कान बसले. जोडा काही वाईट नाही. प्रयोगभर मी विंगेत उभी राहून प्रत्येक ओळ नुसत्या ओठांनी म्हणते, मला त्याशिवाय राहवतच नाही. तुम्ही माझ्यासमोर बसा आणि माझ्या तोंडाकडे बघा. शब्द तुम्हाला पाठ आहेत, चाल तुमचीच आहे. बाकीचं मी सांगेन.

स्टेशनवर चिमणला पाठवणार नाही, मीच येईन.

कागदोपत्री अजूनही, आणि तेवढ्यापुरतीच नव्हे,

तुमची बायको