पहिल्या बाकावरचा हक्क सोडताना

मी, अर्डिस कोलबेक, कै. लीलंड कोलबेक यांची पत्नी, वय एक्याऐंशी, राहणार एल्डर फोर्ड, नेब्रास्का, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने व कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. गुडघे कामातून गेले आहेत, डोकं जागेवर आहे. शंका असेल त्याने माझ्याशी पत्ते खेळून पाहावेत. याआधीची माझी दोन्ही मृत्युपत्रं रद्द समजावीत.

१. घर व बचत. यांचे दोन सारखे हिस्से करावेत. एक मुलगी लोरीनचा, एक मुलगा ड्वेनचा. आधीच्या मृत्युपत्रांत ड्वेनला मी फक्त बापाचं घड्याळ ठेवलं होतं. बारा वर्षं तो घरी आलेला नाही. बापाच्या अंत्यविधीलाही आला नाही. लोरीन मला रोज आंघोळ घालते. तिला वाटणी सांगितली तेव्हा साबणाचे हात तसेच धरून ती म्हणाली, "आई, मी रोज येते. तो नाताळला एक कार्ड टाकतो, तेही बायकोच्या अक्षरात. आणि वाटा सारखा?"

"सारखा."

"मग माझ्या येण्याला किंमत काय गं?"

याचं उत्तर द्यायचा खाली प्रयत्न केला आहे.

२. बाक. आमच्या चर्चमधलं डावीकडचं पहिलं बाक कोलबेकांचं समजतात. त्यावर नावाची पितळी पाटी आहे. त्यावरचा माझा व माझ्या वारसांचा हक्क मी सोडते. पाटी काढावी. स्क्रू गंजले आहेत, तेल घालून काढावेत, लाकूड फोडू नये. माझ्या अंत्यविधीला कोणासाठीही जागा राखू नये, माझ्या मुलांसाठीही नाही.

कारण लिहिणं भाग आहे. बत्तीस वर्षं दर रविवारी दारात उभी राहून मी लोकांना जागा दाखवत असे. कत्तलखान्यात कामाला ग्वाटेमालाहून माणसं आली. त्यांतली एउलालिया पास्कुआल नवऱ्यामुलांना घेऊन उपासनेला आली, तेव्हा मी हसून तिला अगदी शेवटचं, चर्च गरम ठेवणाऱ्या भट्टीजवळचं बाक दाखवलं. "इथे ऊब असते," म्हणाले. पुढची चार बाकं रिकामी होती. त्यानंतर सहा वर्षं ते कुटुंब तिथेच बसलं. देव तोंड पाहून कोणाला जवळ करत नाही, असं पाळक पुन्हा पुन्हा सांगत. मी मान डोलवी. मला वाटे, गावातल्या बड्या बँकवाल्यांना बरं सुनावलं.

१९९८च्या जानेवारीत लीलंड गेला. हिमवादळाने रस्ते बुजले. चर्चमध्ये पाळक, शवपेटी, पहिल्या बाकावर मी आणि लोरीन. एवढ्यात दार उघडलं. एउलालिया आणि तिची चार माणसं गुडघाभर बर्फातून चालत आली होती. ती सगळी जाऊन शेवटच्या बाकावर बसली.

"पुढे या ना," मी म्हणाले.

"नको बाई. आमची जागा माहीत आहे आम्हाला."

त्यात टोमणा नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

मी उठले आणि मागे जाऊन त्यांच्यात बसले. मागोमाग लोरीन आली. पाळकांनी सुरुवात केली आणि मला एकही शब्द धड ऐकू येईना, भट्टी एवढी खडखडत होती. सहा वर्षं या लोकांनी काय ऐकलं असेल?

देव एउलालियाला आणि मला सारखंच धरतो, हे त्या दिवशी पटलं. पटल्यावर आनंद झाला, असं खोटं लिहिणार नाही. राग आला. मग माझ्या बत्तीस वर्षांचं काय? लोरीन, तुझाच प्रश्न हा. मला सुचलेलं उत्तर एवढंच, की केलेल्याची किंमत असते, पण ती दुसऱ्याच्या ताटातून काढून घ्यायची नसते. माझा जीव तुझ्यावर जास्त आहे, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. देवाचं मन सारखं असेल, माझं नाही. निदान हात सारखा ठेवते.

३. गोधड्या शिवायची चौकट एउलालियाला. हे प्रायश्चित्त नव्हे. तिचे टाके माझ्याहून बारीक आहेत, आणि लोरीनला सुईत दोरा ओवता येत नाही.

४. लीलंडची सुतारकामाची हत्यारं शाळेला. मोठी करवत शेजाऱ्यांनी २००१ साली "दोन दिवसांसाठी" नेली आहे. ती मागून घ्यावी.

५. साक्षीदार. वकील म्हणाले, ज्याला यातून काहीच मिळत नाही असं माणूस हवं. मला लगेच माझी नणंद व्हर्ना आठवली. लग्नानंतरच्या पहिल्याच नाताळात तिने चारचौघांत मला "बीट उपटणाऱ्या मजुराची पोर" म्हटलं आणि लहान मुलांच्या टेबलावर जेवायला बसवलं. काल ती काठी टेकत आली. हा मसुदा इथपर्यंत तिने दोनदा वाचला.

"म्हणजे अर्डिस, वर गेल्यावर तुझ्या शेजारी मीच की काय?"

"तीच तर धास्ती आहे. सही करशील ना?"

"करीन." मग तिने कागद घडी करून माझ्यापुढे सरकवला. "ते टेबल मला आठवतं, बरं का. मी विसरले असं समजू नकोस."

अठ्ठावन्न वर्षांत हे ती पहिल्यांदा बोलली. मी कॉफी ओतली, आणि आम्ही दोघी अंधार पडेपर्यंत बसलो.

वरील मजकूर मी वाचून, समजून आज सही करत आहे.

अर्डिस कोलबेक
एल्डर फोर्ड, १२ मार्च २००९

साक्षीदार:
१. व्हर्ना कोलबेक श्टाल, नणंद
२. मर्विन ओडगार्ड, औषधविक्रेते