एकशे चव्वेचाळीसवर स्थिर

सुभानपुरा, बडोदे
सोमवार, दुपार

चि. समरजितराव,

आशीर्वाद. (धाकट्या मेहुण्याला ते द्यावेच लागतात म्हणून दिले. मनापासून द्यायचे की नाही ते हे पत्र वाचून तू काय करतोस त्यावर ठरेल.) निजामपुऱ्यात सगळे मजेत असालच. तुझी पाठ धरली होती म्हणे, ती सुटली का? माझी तब्येत उत्तम आहे. फक्त डोळे चुरचुरतात, डोकं ठणकतं आणि बीपी वर आहे, आणि या तिन्हींचं कारण तू आहेस. चार किलोमीटरवर पत्र कोण पाठवतं, असं म्हणशील. मी पाठवतो! फोनवर मी मुद्द्यावर आलो की तू हसतोस, आणि हसलास की मी काय बोलत होतो ते विसरतो. तुझी ताई शैला उद्या तुमच्याकडे खांडवी घेऊन येते आहे, तिच्याच पिशवीत हे पाकीट आहे. आधी पत्र वाचायचं, मग खांडवीला हात लावायचा.

तर नंदेसरीच्या कारखान्यातून मी रिटायर झालो तेव्हा आमच्या संयोगितानं मला कॉम्प्युटर जोडून दिला आणि गाड्यांच्या शर्यतीचा गेम शिकवला, हे तू जाणतोसच. ती बंगळुरात, मी इथे, दर रविवारी सकाळी आठ वाजता. सोसायटीतले लोक हसले. हसेनात का! पोरीचं आणि माझं फोनवरचं बोलणं म्हणजे "जेवलीस का", "हो", "बरं, आईकडे देतो", एवढंच होतं रे आजवर. (आमच्या घराण्यात बापलेकींनी बोलायची पद्धतच नाही. पूर्वजांनी सरकारी फौजेत घोडी पळवली, पण घरात शब्द जागचा हलवला नाही.) पण हेडफोन लावला आणि गाड्या सुटल्या की पोरगी आपोआप बोलायला लागायची. साहेब कसा खडूस आहे, घरमालक पाणी कसं तोडतो, गुडघा कसा दुखतो. समोर रस्ता असला की बापाचं तोंड बघावं लागत नाही, म्हणून सोपं जातं, असं तीच एकदा म्हणाली. अडीच वर्षांत आमचा एक रविवार चुकला नव्हता.

आणि मग तू आलास. श्रीखंड-पुरीचं जेवण होतं म्हणून आलास, खरं तर. माझा जुना मॉनिटर बघून नाक मुरडलंस आणि म्हणालास, दाजी, यात काही राम नाही, आता बदलत्या वेगाचे मॉनिटर आलेत. मी विचारलं, म्हणजे काय रे भाई? तर भरल्या पानावर बसून तू मला शिकवणी दिलीस. कॉम्प्युटरचं ग्राफिक्स कार्ड म्हणजे कढईपाशी बसलेली ताई, आणि मॉनिटर म्हणजे वाढपी. ताईची एक पुरी लवकर फुगते, एकीला वेळ लागतो. तसंच कार्डाला रिकाम्या रस्त्याचं चित्र पटकन काढता येतं, पण धूर, झाडं आणि दहा गाड्या आल्या की वेळ लागतो. जुना वाढपी घड्याळ लावून फेऱ्या मारतो. पुरी झाली असो वा नसो, हा आपला हजर. मग अर्धी आधीची आणि अर्धी नवी अशी फाटकी पुरी पानात पडते, म्हणजे चित्र मधूनच तुटतं. पुरती तळून होईपर्यंत नेऊ नकोस असं त्याला बजावलं, तर तो थेट पुढच्याच फेरीला येतो आणि पंगत खोळंबते, म्हणजे चित्र अडखळतं. नवा वाढपी मात्र शहाणा. तो कढईपाशी उभा राहतो, पुरी निघाली की लगेच उचलतो. उगाच धावत नाही, ताटकळवत नाही. हे समजावताना तू अकरा पुऱ्या खाल्ल्यास. मी मोजल्या. आणि पटलं म्हणून मी तो मॉनिटर घरी आणला, इथेच माझी अक्कल शेण खायला गेली.

कारण तुझा तो शहाणा वाढपी पहिल्याच दिवशी पिसाळलेला निघाला! पडद्याच्या कोपऱ्यात तो सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो त्याचा आकडा दिसतो. काय दिसावं मला? एकाहत्तर. चौऱ्याण्णव. त्रेसष्ट. अठ्ठ्याऐंशी. थुईथुई नुसता! अरे, एकतीस वर्षं मी कारखान्याच्या कंट्रोल रूममध्ये काढली आहेत. तिथे काटा एवढासा थरथरला तरी आम्ही खुर्चीतून उठायचो. हलणारा काटा म्हणजे खाली कुठे तरी काही तरी बिघडलंय, आणि ते वेळीच धरलं नाही तर संध्याकाळी घरी जाणं आपल्या हातात नाही, हे माझ्या हाडात मुरलंय. दुकानदाराला फोन केला तर तो म्हणतो, "काका, ए तो ऊपर-नीचे थवानुं ज, कंई वांधो नथी." वर-खाली व्हायचंच, वांधो नथी म्हणे! असं बोलणारे दोन सुपरवायझर मी घरी बसवलेत. शेवटी मीच मॉनिटरच्या मागचं बटण दाबून एकेक सेटिंग तपासलं, जे सेटिंग आकडा नाचवत होतं ते बंद केलं आणि मशीन एकशे चव्वेचाळीसवर स्थिर केलं. डोळ्याचं पातं लवेल, पण आकडा लवणार नाही. आणि कारखान्यात लावायचो तशी लाल पुठ्ठ्याची पाटी बटणाला बांधली: "हात लावू नये. हुकमावरून." शैला म्हणाली, तेवढं तुमचं बीपीही स्थिर करून घ्या. तिच्याकडे मी लक्ष दिलं नाही.

एवढी बडदास्त ठेवूनही त्या हरामखोर मॉनिटरनं काय केलं? चित्र फाडायला सुरुवात केली! वळणावर समोरच्या गाडीचं टप एकीकडे आणि चाकं वीतभर दुसरीकडे. दुकानातून माणूस बोलावला. त्यानं केबल बदलली, प्लग बदलला, मग म्हणाला, काका, जरा सेटिंग जोवा दो. बघायचं म्हणे! मी पाटीकडे बोट दाखवलं. तो पाटी वाचून चहा न घेताच गेला. (अशी माणसं तू मला गाठून देतोस.)

आता मुख्य गोष्ट. महिन्यापूर्वीच्या रविवारी शर्यत ऐन रंगात होती, शेवटचं वळण, चित्र फाटलं आणि मी संयोगिताच्या गाडीवर जाऊन आदळलो. नेमकी त्याच वेळी ती म्हणत होती, "पप्पा, मला तुम्हाला एक सांगायचंय, चिडू नका, मी ना..." आणि मी ओरडलो. काय ओरडलो ते लिहीत नाही. मधे येऊ नकोस, तुझं नेहमीचंच आहे, आधी हे संपू दे, असं काहीसं. ती म्हणाली, "असू दे पप्पा," आणि गेली. त्यानंतर चार रविवार झाले. मी आठला बसतो, साडेनवाला उठतो. ती येत नाही. फोनवर पुन्हा "जेवलीस का", "हो". माझ्या लेकीचं तोंड तुझ्या मॉनिटरनं बंद केलं, समरजित! या घरातला एकुलता एक बोलायचा रस्ता तू खणून ठेवलास. तेव्हा येत्या शनिवारच्या आत येऊन हे धूड उचलून ने आणि माझा जुना मॉनिटर माळ्यावरून काढून दे. माझ्याच्यानं माळ्यावर चढवत नाही.

सौ. नीलिमास आशीर्वाद, आणि तिला दिलेले खरे आहेत. आवजो.

तुझा (नाइलाजानं) दाजी,
फत्तेसिंहराव

ता. क. पाकीट चिकटवण्याआधी पत्र पुन्हा वाचून काढलं. पुऱ्यांचा परिच्छेद वाचला. मग आकड्यांचा वाचला. मग दोन्ही लागोपाठ वाचले. जरा उठून पाणी प्यायलो. तो आकडा नाचायलाच हवा होता का रे? वाढपी कढईपाशी थांबायचा, म्हणून? तसं असेल तर तसं स्पष्ट सांगायचं होतंस, तोंडात पुरी कोंबून नाही.

ता. क. २ पाटी काढली. सेटिंग चालू केलं. चित्र लोण्यासारखं सरकतंय. मॉनिटर न्यायला येऊ नकोस. वरचं सगळं खोडायला वेळ नाही, ते तसंच समजून घे. शैलाला यातलं अक्षर कळता कामा नये.

ता. क. ३ संयोगिताला मला काय सांगायचं होतं ते तुला ठाऊक आहे, शैलालाही ठाऊक आहे. ती पंधरा दिवस स्वयंपाकघरात गुणगुणते आणि मी आत गेलो की गप्प होते. नोकरी सोडते आहे, परदेशी चालली आहे की कुणी मुलगा पसंत केलाय, काय असेल ते असो. तू मला सांगू नकोस, मला तिच्या तोंडून ऐकायचंय. तुझा फोन ती घेते. तिला एवढंच कळव की रविवारी आठ वाजता पप्पा हेडफोन लावून बसलेले असतील. गाडी सुरू करणार नाहीत. तिचं बोलून झालं की मग काढतील. नाही बोलली, तर तशीच उभी ठेवतील.